टर्सिकम करप्याला दाद न देणारा मका: जनुक निवडण्यापासून हायब्रीडपर्यंत

मक्याच्या पानावर अडीच ते पंधरा सेंटिमीटर लांबीचे, दोन्ही टोकांना निमुळते, आधी राखाडी-हिरवट आणि मग तपकिरी होणारे चट्टे दिसले की तो टर्सिकम करपा समजावा. एक्सेरोहायलम टर्सिकम या बुरशीमुळे हा रोग होतो. दिवसाचे तापमान १८ ते २७ अंश आणि रात्रभर दव, अशा हवेत तो खालच्या पानांपासून वर चढतो. फुलोऱ्याच्या सुमारास कणसाच्या वरची पाने करपली तर दाणे भरायला अन्नच उरत नाही. मेडिस करपा या मक्याच्या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाचे चट्टे याहून लहान, शिरांच्या मधे अडकलेले आणि सरळ कडांचे असतात. दोन्ही रोग एकाच शेतात येऊ शकतात. म्हणून पैदाशीचे काम सुरू करण्याआधी चट्ट्यावरचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आपण नेमक्या कोणत्या रोगाशी झुंजतो आहोत याची खात्री करा.

प्रतिकारक वाण तयार करण्यातला सगळ्यात अवघड भाग संकर करणे हा नाही, मार्कर (जनुक ओळखायची डीएनएतली खूण) लावणे हाही नाही. रोग हुकमी, सारखा आणि वेळेवर आणता येणे हे खरे अवघड काम आहे. नर्सरीत, म्हणजे मुद्दाम रोग आणून झाडे तपासायच्या शेतात, रोग विरळ आला तर कोणतीही ओळ (पैदाशीतला वंश) प्रतिकारक दिसते. पुढची तीन वर्षे मग त्या चुकीच्या निवडीवर खर्च होतात. म्हणून या लेखात नर्सरीला जास्त जागा दिली आहे.

आधी ठरवा: कोणता प्रतिकार हवा

टर्सिकमविरुद्धचा प्रतिकार दोन प्रकारचा असतो. एक, एकाच मोठ्या जनुकाचा. दोन, लहान लहान परिणामांच्या अनेक जनुकांचा.

मोठ्या जनुकांपैकी एचटी१ दुसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ए. एल. हुकर यांनी जीई ४४० ही इनब्रेड (पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागीत करून स्थिर केलेली ओळ) आणि लेडीफिंगर हा पॉपकॉर्न यांतून तो शोधून अमेरिकेत वापरात आणला. एचटी१ असलेल्या झाडावर चट्टा पडतो, पण त्याभोवती पिवळेपणा राहतो आणि बीजाणू फार कमी तयार होतात. एचटीएन१ आठव्या गुणसूत्रावर आहे आणि तो मेक्सिकोतल्या पेपितिया या स्थानिक वाणातून आला. त्याचे काम वेगळे आहे. तो चट्टा उशिरा आणतो, कित्येकदा फुलोऱ्यानंतर. २०१५ मध्ये हा जनुक वेगळा काढला गेला. पेशीभित्तिकेशी जोडलेले आणि बाहेरचा धोका ओळखणारे एक कायनेज प्रथिन तो बनवतो, असे तेव्हा कळले. एचटी२ आणि एचटी३ हे वेगळे जनुक मानले जात, पण तेही याच जागेवरचे पर्याय आहेत हे नंतर सिद्ध झाले. पैदासकाराला याचा थेट उपयोग आहे: एकाच इनब्रेडमध्ये एचटी२ आणि एचटीएन१ एकत्र स्थिर करण्याच्या मागे लागू नका. एका जागेवर एकच पर्याय बसतो. जोडी लावायची तर एचटी१ आणि एचटीएन१ यांची लावा.

एकट्या मोठ्या जनुकावर मात्र विसंबता येत नाही. एचटी१ वर मात करणारी रेस १ ही बुरशीची पोटजात १९७० च्या दशकात आधी हवाईत आणि नंतर अमेरिकेच्या मुख्य मका पट्ट्यात सापडली. बुरशीच्या रेसचे नाव ती कोणता जनुक निकामी करते त्यावरून पडते. रेस ० एकही जनुक मोडत नाही, रेस १ एचटी१ मोडते, रेस २३एन एचटी२, एचटी३ आणि एचटीएन१ मोडते. शिवाय यांतल्या काही जनुकांचा परिणाम तापमान आणि उजेडावर अवलंबून असतो. काचगृहात कमी उजेडात रोपांवर केलेली चाचणी आणि शेतातला निकाल जुळला नाही, तर आधी हे कारण तपासा.

अनेक जनुकांचा प्रतिकार दिसायला साधा असतो. चट्टे पडतात, पण कमी पडतात, उशिरा पडतात, लहान राहतात. २५ वेगवेगळ्या इनब्रेडचा बी७३ या इनब्रेडशी संकर करून तयार केलेल्या सुमारे ५,००० ओळींच्या अमेरिकेतल्या अभ्यासात टर्सिकमसाठी २९ जागा सापडल्या आणि बहुतेकांचा परिणाम छोटा होता. हा प्रतिकार कोणत्याही एका रेसपुरता नसतो, म्हणूनच तो टिकतो.

आमचे मत स्पष्ट आहे: पाया अनेक जनुकांचा घ्या आणि त्यावर एक किंवा दोन मोठे जनुक चढवा. उलटे करू नका. नर्सरीत एकही चट्टा नसलेली ओळ मोहात पाडते. तिच्यात फक्त एकच मोठा जनुक असेल, तर तो जनुक मोडेल त्या हंगामात तिच्यामागे दुसरा आधार उरणार नाही.

बुरशी वाढवणे

रोगट पाने त्याच भागातून गोळा करा जिथे वाण विकायचा आहे. सावलीत वाळवून कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि दुसऱ्याच बुरशा माजतात.

चट्ट्याच्या कडेचे, म्हणजे अर्धे हिरवे आणि अर्धे करपलेले, ३ ते ५ मिलिमीटरचे तुकडे कापा. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट बुडवून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा आणि पेट्री डिशमध्ये ओल्या गाळणकागदावर ठेवा. २५ अंशांच्या आसपास दोन-तीन दिवसांत बीजाणू दिसतात. बारीक सुईने एकच बीजाणू उचलून बटाटा-डेक्स्ट्रोज अगर या बुरशी वाढवायच्या माध्यमावर घ्या. एका बीजाणूपासून वाढवलेली बुरशी नसेल तर रेस तपासता येत नाही, म्हणून ही पायरी वगळू नका. बटाटा-डेक्स्ट्रोजवर पुष्कळदा नुसती कापसासारखी बुरशी वाढते, बीजाणू येत नाहीत. तेव्हा लॅक्टोज-केसीन हायड्रोलायसेट अगर वापरा आणि १२ तास उजेड, १२ तास अंधार ठेवा.

एकाच बुरशीला पुन:पुन्हा अगरवर फिरवत राहिले तर तिची रोग लावण्याची ताकद घटते. दर हंगामाआधी ती रोगग्राही मक्यावर लावून नव्या चट्ट्यातून परत काढा.

शेतात टाकायला ज्वारीच्या दाण्यावर वाढवलेली बुरशी सगळ्यात सोयीची:

१. बुरशीनाशक न लावलेली ज्वारी रात्रभर भिजवा. सकाळी निथळा आणि कापडावर पसरून वरचे पाणी सुकू द्या.

२. उष्णता सहन करणाऱ्या पिशव्या किंवा चंबू अर्ध्यापर्यंतच भरा. कापसाचा बोळा लावून १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली ३० मिनिटे, असे लागोपाठ दोन दिवस निर्जंतुक करा. पहिल्या दिवशी वाचलेले जिवाणूंचे बीजाणू रात्रीत उगवतात आणि दुसऱ्या दिवशी मरतात.

३. थंड झाल्यावर बुरशीचे ५ मिलिमीटरचे चार-पाच तुकडे टाका. २५ अंशांवर १५ ते २० दिवस ठेवा आणि एक दिवसाआड हलवा, नाहीतर दाण्यांचा गोळा होतो आणि मधला भाग कोरा राहतो.

४. सगळे दाणे काळपट-राखाडी झाले की सावलीत पसरून वाळवा आणि जाडसर भरडा.

आंबट वास आला किंवा दाणे चिकट झाले तर जिवाणू शिरले आहेत. ती पिशवी फेकून द्या. दाण्यांत पाणी जास्त राहिले की हेच होते.

किती लागेल याचा हिशेब आधी करा. २०० ओळी, दोन पुनरावृत्ती, ४ मीटरच्या ओळीत २० सेंटिमीटरवर २० झाडे, म्हणजे ८,००० झाडे. दर झाडाला दीड ग्रॅम धरला तर एका फेरीला १२ किलो भरड लागते. दुसरी फेरी आणि चेकच्या (तुलनेसाठी लावलेल्या ओळखीच्या वाणाच्या) ओळी धरून २५ ते ३० किलोची तयारी ठेवा. ऐन वेळी कमी पडली की अर्धी नर्सरी वेगळ्या दिवशी रोगवली जाते आणि तुलना बिघडते.

नर्सरी लावणे आणि रोग आणणे

जागा महत्त्वाची. भारतात धारवाड, मंड्या, हिमाचलमधले बजौरा, अल्मोडा ही टर्सिकमच्या चाचणीची नेहमीची ठिकाणे आहेत, कारण तिथली हवा थंड आणि दमट असते. मराठवाडा किंवा खानदेशात काम करायचे तर पेरणीची तारीख अशी धरा की फुलोऱ्याआधीचे तीन आठवडे थंड आणि दवाचे येतील, आणि तुषार सिंचनाची सोय ठेवा.

दर दहा ओळींनंतर एक रोगग्राही चेक आणि नर्सरीभोवती त्याच चेकच्या दोन ओळी लावा. एक ओळखीचा प्रतिकारक चेकही विखरून ठेवा. रोगग्राही चेकवर रोग ९ पैकी ७ च्या वर गेला नाही तर त्या हंगामाची आकडेवारी निवडीसाठी वापरू नका. हा नियम कठोर वाटतो, पण याच ठिकाणी सवलत घेतल्याने पुष्कळ चांगली कामे वाया जातात.

झाडे ६ ते ८ पानांवर, म्हणजे पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांची झाली की संध्याकाळी चिमूटभर भरड पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) टाका. पोंगा कोरडा असेल तर आधी पाण्याचा हलका फवारा द्या. दुपारी टाकलेली भरड उन्हात वाळते आणि रोग तुटक येतो. ७ ते १० दिवसांनी दुसऱ्यांदा टाका, म्हणजे पहिल्या वेळी सुटलेली झाडे सापडतात. तुरा बाहेर पडायला लागल्यावर टाकून उपयोग नाही, कारण तेव्हा पोंगाच उरत नाही.

अमेरिकन लष्करी अळी २०१८ पासून देशभर पसरली आणि ती नेमकी पोंग्यातच बसते. पाने खाल्लेल्या झाडावर रोगाचा गुण देता येत नाही. बुरशी टाकण्याच्या चार-पाच दिवस आधी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी, १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम, असे फवारून घ्या. कीटकनाशकात बुरशीनाशक मिसळण्याची सवय पुष्कळांना असते. इथे ते मिसळायचे नाही, हे नर्सरीच्या मजुरांना वेगळे बजावून सांगा.

खताची मात्रा पूर्ण द्या. नत्र कमी पडले की खालची पाने टोकाकडून पिवळी होऊन वाळतात आणि नवखा माणूस तो करपा समजून गुण देतो.

गुण देणे

भारतात १ ते ९ हे प्रमाण वापरतात. १ म्हणजे पानांचा १० टक्क्यांपर्यंत भाग रोगट, २ म्हणजे १० ते २०, ३ म्हणजे २० ते ३०, असे वाढत ९ म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त. ३ पर्यंत प्रतिकारक, ३.१ ते ५ मध्यम प्रतिकारक, ५.१ ते ७ मध्यम रोगग्राही आणि त्यापुढे रोगग्राही.

एकदाच, शेवटी गुण देणे पुरेसे नाही. पहिला चट्टा दिसल्यापासून दर १० दिवसांनी रोगट भागाची टक्केवारी लिहा. समजा, एका ओळीत ५, २० आणि ४५ टक्के आले. लागोपाठच्या दोन नोंदींची सरासरी काढून मधल्या दिवसांनी गुणा: १२.५ गुणिले १० अधिक ३२.५ गुणिले १०, बेरीज ४५०. दुसऱ्या ओळीत २, १० आणि ४५ आले तर बेरीज ३३५. शेवटचा आकडा दोन्हींचा सारखाच आहे, पण दुसरीत रोग सावकाश चढला आणि दाणे भरायला जास्त दिवस मिळाले. निवड दुसरीची करा.

चट्ट्याचा प्रकार वेगळ्या रकान्यात लिहा: राखाडी, बीजाणूंनी काळवंडलेला की पिवळ्या कडेचा. पिवळा प्रकार दिसला तर एचटी१ सारख्या जनुकाचा संशय घ्या.

फुलोऱ्याची तारीख न लिहिता दिलेले गुण फसवे असतात, आणि ही सगळ्यात जास्त घडणारी चूक आहे. उशिरा फुलणारी ओळ त्या दिवशी वयाने लहान असते, म्हणून तिच्यावर रोग कमी दिसतो. नुसते कमी गुण निवडत गेलो तर चार पिढ्यांत प्रतिकार वाढत नाही, वाण मात्र आठवडाभर उशिरा पिकायला लागतो. गुणांची तुलना एकाच पक्वता गटात करा किंवा विश्लेषणात फुलोऱ्याचे दिवस सहचल म्हणून घ्या, म्हणजे त्यांचा गुणांवरचा परिणाम वेगळा काढता येतो.

संकर आणि पिढ्या

मोठा जनुक चढवायचा असेल तर बॅकक्रॉस, म्हणजे संकराच्या संततीचा पुन्हा आपल्याच इनब्रेडशी संकर. आपली चांगली इनब्रेड मादी, डोनर (जनुक देणारी ओळ) नर. पहिल्या बॅकक्रॉसनंतर सरासरी ७५ टक्के, दुसऱ्यानंतर ८७.५ आणि तिसऱ्यानंतर ९३.७५ टक्के जनुकद्रव्य आपल्या इनब्रेडचे होते. मार्करने झाडे निवडली तर दोन बॅकक्रॉसमध्येही भागते.

झाडे किती लावायची? हवे ते झाड किमान एक तरी मिळण्याची ९९ टक्के खात्री हवी असेल तर बॅकक्रॉसमध्ये एका जनुकासाठी ७, दोन जनुकांसाठी १७, तीन जनुकांसाठी ३५ झाडे लागतात. एफ२ मध्ये, म्हणजे संकराच्या दुसऱ्या पिढीत, जनुकाच्या दोन्ही मात्रा (मादी आणि नर दोघांकडून) हव्या असतील तर एका जनुकाला १७, दोन जनुकांना ७२ आणि तीन जनुकांना २९३. हे आकडे फक्त जनुक मिळण्याचे आहेत. डोनरच्या गुणसूत्राचा नको असलेला तुकडा जनुकाला चिकटून येतो. जनुकाच्या एका बाजूला ५ सेंटिमॉर्गनवर (गुणसूत्रावरच्या अंतराचे एकक) मार्कर असेल तर त्या बाजूचा तुकडा तुटलेले झाड वाहकांत, म्हणजे जनुक असलेल्या झाडांत, साधारण वीसात एक सापडते. तेवढ्यासाठी ९० वाहक, म्हणजे १८० रोपे तपासावी लागतात. पहिल्या बॅकक्रॉसमध्ये एका बाजूचा तुकडा तोडा, दुसऱ्यात दुसऱ्या बाजूचा. दोन्ही एकदम मागितले तर हजारो रोपे लागतील.

पानाचे नमुने पेरणीनंतर १२ ते १५ दिवसांत घ्या आणि प्रयोगशाळेकडून निकाल ४० व्या दिवसाच्या आत येईल असे ठरवूनच पेरा. तुरा आल्यावर आलेला निकाल त्या हंगामात कामाचा नसतो.

अनेक जनुकांच्या प्रतिकारासाठी बॅकक्रॉस उपयोगी नाही. वेगवेगळ्या मुळांतल्या दोन मध्यम प्रतिकारक ओळींचा संकर करा. त्यांच्या संततीत दोघांपेक्षा सरस झाडे निघतात, कारण दोघांकडचे जनुक वेगळे असतात. एफ२ मध्ये एकेका झाडाच्या गुणावर फार विश्वास ठेवू नका. ७ च्या वरची झाडे काढून टाका आणि खरी निवड एफ३, एफ४ कुटुंबांवर, पुनरावृत्तीसह करा.

रोग फुलोऱ्यानंतर भरात येतो, परागीकरण मात्र आधीच करावे लागते. म्हणून नर्सरीतल्या सगळ्या आशादायक झाडांना आधी स्वपरागीत करा आणि शेवटचे गुण आल्यावर नको ती कणसे टाकून द्या. केस बाहेर येण्याआधी कणसावर पिशवी चढवा. आदल्या संध्याकाळी तुऱ्यावर पिशवी बांधा, म्हणजे तुऱ्यावर पडलेले परके पराग रात्रीत मरतात. सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान पराग घाला.

वेळ वाचवायचा तर डबल हॅप्लॉइड ओळी करा, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या (हॅप्लॉइड) रोपात तो दुप्पट करून एकदम स्थिर झालेल्या ओळी. कर्नाटकातल्या कुणिगल इथे सिमिट या मका-गहू संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची ती सोय आहे. ओळी पूर्ण स्थिर असल्याने पहिल्याच वर्षी पुनरावृत्तीसह नर्सरी लावता येते. मात्र हॅप्लॉइड दाणा ओळखायला वापरतात तो जांभळा रंग काही उष्णकटिबंधीय ओळींत रंगरोधक जनुकामुळे उमटत नाही. संकराआधी आपल्या ओळींवर हे तपासा.

मादीचे पेशीद्रव्य

१९७० मध्ये अमेरिकेत मेडिस करप्याने देशाच्या मका उत्पादनाचा सुमारे १५ टक्के भाग गेला. बहुतेक हायब्रीड टेक्सास नरवंध्य पेशीद्रव्यावर (ज्यामुळे मादीच्या तुऱ्यात पराग तयार होत नाहीत) तयार केलेले होते. त्यांच्या मायटोकाँड्रियातला टी-यूआरएफ१३ हा जनुक बनवत असलेले प्रथिन बुरशीच्या रेस टी च्या विषाला आयते दार ठरले. केंद्रकातले जनुक कितीही चांगले असले तरी पेशीद्रव्य मादीकडूनच येते. फिलिपाइन्समधल्या संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच या पेशीद्रव्याचा दोष नोंदवला होता. हायब्रीडचा दुतर्फा संकर करून, म्हणजे मादी आणि नर अदलाबदल करून, दोन्ही नर्सरीत लावा. गुणांत मोठा फरक दिसला तर कारण पेशीद्रव्यात शोधा. आपल्या सगळ्या हायब्रीडच्या माद्या एकाच नरवंध्य पेशीद्रव्यावर आणू नका.

हायब्रीड

अनेक जनुकांचा प्रतिकार बहुतांशी बेरजेच्या स्वरूपाचा असतो. गुण २ आणि गुण ८ यांच्या संकराचा गुण साधारण मधे कुठेतरी पडतो, २ वर नाही. म्हणून दोन्ही पालक किमान मध्यम प्रतिकारक हवेत. एचटी१ आणि एचटीएन१ एका पालकाकडून आले तरी परिणाम दिसतो, पण दोन मात्रांइतका नेहमीच भक्कम नसतो. इनब्रेडचे गुण पाहून हायब्रीडचा अंदाज बांधा, निर्णय मात्र हायब्रीड रोगवून, दोन ठिकाणी आणि दोन हंगामांत तपासूनच घ्या.

त्याच हायब्रीडच्या काही ओळी बुरशीनाशकाने पूर्ण संरक्षित ठेवून उत्पादनाची तुलना करा. त्या वेगळ्या प्लॉटमध्ये हव्यात, नाहीतर फवारा नर्सरीत उडतो. संरक्षित आणि रोगट प्लॉटच्या उत्पादनातला फरक कमी असेल तोच हायब्रीड पुढे न्या. काही हायब्रीड ५ गुण असूनही दाणा चांगला भरतात, आणि बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याला शेवटी तेच लागते.

वाण बाजारात गेल्यावरही दरवर्षी त्याच्या पट्ट्यातून चट्टे गोळा करा आणि एकाच पार्श्वभूमीत एचटी१, एचटी२, एचटी३, एचटीएन१ एकेकटे असलेल्या ओळींच्या संचावर, शेजारी जनुक नसलेली मूळ ओळ ठेवून, बुरशी लावून पाहा. ज्या जनुकाच्या ओळीवर मूळ ओळीसारखेच राखाडी, बीजाणूंनी भरलेले चट्टे यायला लागतील, तो जनुक त्या पट्ट्यासाठीच्या पुढच्या संकरांतून बाजूला ठेवा आणि दुसऱ्या जागेवरचा जनुक घेऊन बॅकक्रॉस त्याच हंगामात सुरू करा. वर्षाला दोन हंगाम धरले तरी नवी इनब्रेड हाताशी यायला अडीच-तीन वर्षे लागतात.